नौकांचे कोड बदलताना अडकलेला अपडेट: फॉरेन की, इंडेक्स आणि दोन महिन्यांच्या नोंदी

दाभोळ खाडीच्या उत्तरेला असलेल्या एका मच्छीमार सहकारी सोसायटीचा डेटाबेस मी सांभाळतो. पोस्टग्रेस १५ (डेटाबेसचं सॉफ्टवेअर), ऑफिसातला जुना पीसी, ८ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, लिलाव नाही. डेटाबेसला मोठा हात लावायचा तर हेच दिवस. किनाऱ्यावरच्या आणखी काही सोसायट्या हेच काम काढणार आहेत म्हणून नोंदी ठेवतोय. वेळा आमच्या मशीनवरच्या आहेत. तुमचे आकडे वेगळे येतील, पण कुठला आकडा कुठल्यापेक्षा किती पट मोठा, हे साधारण तसंच राहील.

३ जून २०२४

काम असं. सोसायटीने प्रत्येक नौकेला स्वतःचा कोड दिलाय: ह-०४१, ह-११२ वगैरे. डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराच्या परताव्याचे प्रस्ताव सोसायटीमार्फत जातात आणि तिथे नौकेचा सरकारी नोंदणी क्रमांक लागतो. दर वेळी ऑफिसात कोणीतरी वही उघडून हा कोड म्हणजे तो क्रमांक असं जुळवत बसतं. समितीने ठरवलं की यंदापासून नोंदणी क्रमांक हाच कोड.

टेबलं अशी: नौका (२९६), फेऱ्या (सुमारे १ लाख ९० हजार), बोली म्हणजे लिलावातला प्रत्येक वाटा (सुमारे ११ लाख), शिवाय डिझेल, बर्फ आणि उचल. नौका टेबलची प्रायमरी की, म्हणजे जिच्यावरून नोंद ओळखायची ती, तोच कोड. फेऱ्यांची की नौका कोड आणि फेरी क्रमांक मिळून. फेऱ्या नौकेकडे आणि बोली त्या जोडीकडे बोट दाखवते. असं बोट दाखवणं म्हणजे फॉरेन की, ती नसलेल्या नोंदीकडे बोट दाखवू देत नाही. दोन्ही ठिकाणी ऑन अपडेट कॅस्केड लावलेलं आहे. म्हणजे नौकेचा कोड बदलला की फेऱ्यांत बदलेल आणि तिथून बोलीत. कागदावर एका ओळीचं काम.

डंप (डेटाबेसची पूर्ण नक्कल) घेऊन त्याच पीसीवर दुसऱ्या नावाने प्रत उभी केली. पुढचं सगळं आधी प्रतीवर.

४ जून

जुना कोड–नवा कोड असं जुळणीचं टेबल करून सगळ्या नौकांवर एकच अपडेट संध्याकाळी ७ वाजता सोडला. रात्री ११ ला पाहिलं तर चालूच. पहाटे साडेचारच्या सुमारास लाईट गेली, यूपीएसने थोडा दम धरला आणि मशीन बंद पडलं. सकाळी डेटाबेस नीट उठला, डेटा जुनाच, कारण कमिट झालंच नव्हतं, म्हणजे बदल पक्का झालाच नव्हता. पण फेऱ्या टेबल दुप्पट जाड झालं होतं आणि बोलीही बरंच सुजलं होतं. पोस्टग्रेस अपडेटमध्ये नोंदीची नवी आवृत्ती लिहितं. अर्धवट ट्रान्झॅक्शनच्या (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटाच्या) त्या आवृत्त्या व्हॅक्यूम, म्हणजे सफाई, होईपर्यंत जागा अडवून बसतात. एक रात्र गेली आणि डिस्कवरची जागाही गेली.

हे करणाऱ्यांनी यूपीएसची बॅटरी आधी तपासावी. पावसाळ्यात आपल्याकडे रात्रभर चालणाऱ्या कामाचा भरवसा नसतो. म्हणूनही हे काम मिनिटांत बसवणं मला गरजेचं वाटलं.

५ जून

एकच नौका घेतली. बिगिन, मग एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लावून (वेळ कुठे गेला ते छापणारी आज्ञा) अपडेट, मग रोलबॅक, म्हणजे बदल मागे. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ खरोखर अपडेट करतं, त्यामुळे रोलबॅक विसरू नका. या पद्धतीचा मोठा फायदा असा की खाली प्रत्येक फॉरेन कीच्या ट्रिगरचा (बदलामागून आपोआप चालणाऱ्या कामाचा) वेळ वेगळा छापून येतो. माझ्याकडे आलं ते जवळजवळ असं:

नौका अपडेट: ०.१ मिलिसेकंद
ट्रिगर, फेऱ्या–नौका फॉरेन की, नौका टेबलवर: ३८ मिलिसेकंद, कॉल १
ट्रिगर, डिझेल–नौका फॉरेन की, नौका टेबलवर: १५ मिलिसेकंद, कॉल १
ट्रिगर, बोली–फेऱ्या फॉरेन की, फेऱ्या टेबलवर: १,३१,४८० मिलिसेकंद, कॉल ६४८

चौथी ओळ बघा. त्या नौकेच्या ६४८ फेऱ्या आहेत. कॅस्केडने फेऱ्यांतला कोड बदलला, आणि प्रत्येक फेरीमागे पोस्टग्रेसने बोली टेबलवर एक स्वतंत्र क्वेरी चालवली: या जुन्या जोडीच्या बोली कुठे आहेत ते शोध आणि बदल. बोलीत त्या जोडीवर इंडेक्स (नोंद चटकन शोधायची सूची) नाही, म्हणून प्रत्येक वेळी ११ लाख नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळल्या. एका चाळणीला ०.२ सेकंद. ६४८ गुणिले ०.२ म्हणजे १३० सेकंद, हिशेब जवळजवळ जुळतो. सगळ्या १ लाख ९० हजार फेऱ्यांना लावा: ३८ हजार सेकंद, साडेदहा तास. बोली टेबल चालू असताना फुगत जातं, तेव्हा खरं तर त्याहून जास्त. आदल्या रात्रीची वाट पाहणं कुठे गेलं ते कळलं.

डिझेल टेबलवरही इंडेक्स नव्हता. पण तिथे नोंदी ८० हजार आणि चाळण्या फक्त २९६, चार-पाच सेकंदांत आटोपतं. इंडेक्स नसणं दोन्हीकडे सारखंच, भुर्दंड मात्र जमीन-अस्मानाचा. आपली चाळणी किती वेळा होणार, हा गुणाकार आधी करा.

हे राहिलं कसं? सोसायटीची आधीची प्रणाली मायएसक्यूएलवर होती. तिथे इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलच्या साठवणीच्या इंजिनात) फॉरेन की लावली की जिथून बोट दाखवलंय त्या बाजूला इंडेक्स नसेल तर तो आपोआप तयार होतो. पोस्टग्रेसमध्ये तसं नाही. ज्या कॉलमकडे बोट दाखवलंय तिथे युनिक इंडेक्स असावाच लागतो, पण जिथून दाखवलंय तिथे लावायचा की नाही ते आपल्यावर सोडलेलं आहे. डेटा इकडे आणताना फॉरेन की आल्या, त्यांचे इंडेक्स आले नाहीत. रोजच्या कामात कोणाला काही जाणवलं नाही, कारण रोजच्या कामात नौकेचा कोड कोणी बदलत नाही आणि फेरी कोणी उडवत नाही.

६ जून

पीजी-कन्स्ट्रेंट आणि पीजी-इंडेक्स या दोन कॅटलॉग टेबलांची (डेटाबेसने स्वतःच्या रचनेची नोंद ठेवलेली टेबलं) सांगड घालून, ज्यांच्या कॉलमवर इंडेक्स नाही अशा सगळ्या फॉरेन की काढल्या. ही यादी काढताना इंडेक्समध्ये तो कॉलम सुरुवातीला आहे का ते तपासा, नुसता कुठेतरी आहे का ते नको. बोलीवर तारीख आणि नौका कोड असा इंडेक्स होता. यादी वरवर पाहिली असती तर नौका कोडवर इंडेक्स आहे असंच वाटलं असतं. पण ट्रिगरच्या क्वेरीत तारीख नसते, आणि पोस्टग्रेस १५ ला त्या इंडेक्समध्ये मधूनच घुसता येत नाही. महिन्यावार लावलेल्या वहीत एका नौकेची पानं शोधण्यासारखं ते झालं, सगळे महिने उलटावे लागतात.

यादीतल्या सगळ्यांवर इंडेक्स लावायचा नाही. बोलीतून मासळीच्या प्रकाराकडेही फॉरेन की जाते: बांगडा, सुरमई, पापलेट, म्हाकूल, कोळंबी. त्या छोट्या टेबलातला प्रकार आम्ही कधी उडवत नाही, त्याचा क्रमांक कधी बदलत नाही. तिथे ११ लाख नोंदींचा इंडेक्स बांधला तर लिलावाच्या वेळी प्रत्येक बोलीला तो लिहायचा खर्च, आणि उपयोग शून्य. तो सोडला. माझा निकष साधा: वरच्या टेबलातली नोंद उडणार असेल किंवा तिची की बदलणार असेल तरच. किंवा त्या बाजूने जॉइन (दोन टेबलांच्या नोंदींची जुळणी) होत असेल तर.

बोली टेबलवर नौका कोड, फेरी क्रमांक असा इंडेक्स लावून त्याच नौकेचा अपडेट परत चालवला. १३१ सेकंदांचे ०.९ सेकंद झाले. सगळ्या नौका मिळून साडेपाच मिनिटं.

७ जून

तोच इंडेक्स चालू डेटाबेसवर. उचलीचे आणि डिझेलचे हिशेब बंदीतही चालतात, म्हणून क्रिएट इंडेक्स कॉनकरंटली. हा प्रकार टेबलवरचं लिखाण अडवत नाही, पण आधीपासून उघड्या असलेल्या ट्रान्झॅक्शन संपायची वाट बघतो. तासभर हलेना. पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी पाहिलं तर एक सेशन सकाळपासून आयडल इन ट्रान्झॅक्शन, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून नुसतं बसलेलं. कॅशियरच्या मशीनवर अहवालाची खिडकी उघडी आणि कॅशियर ताई दापोलीला बँकेत.

मी इंडेक्सचं काम मध्येच तोडलं. असं तोडलं की अर्धा इंडेक्स अवैध म्हणून मागे राहतो: क्वेरीला वापरता येत नाही, पण लिखाणाचा भार मात्र घालतो. तो ड्रॉप करून, ते सेशन बंद करून, पुन्हा लावला तेव्हा झाला. आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट १० मिनिटांवर ठेवला. अहवालाचं सॉफ्टवेअर ट्रान्झॅक्शन का उघडी ठेवतं ते वेगळं बघावं लागेल.

१० जून

साडेपाच मिनिटं चालली असती. पण आणखी दोन वाटा प्रतीवर करून पाहिल्या, कारण दोन्हींचा सल्ला हमखास मिळतो.

पहिली वाट: फॉरेन की डिफरेबल करा, तपासणी कमिटपर्यंत ढकला. केली. एकूण वेळ तेवढाच. तपासण्यांची संख्या कमी होत नाही, त्या रांगेत जमा होतात, रांग मेमरीत राहते आणि कमिट दाबल्यावर सगळं तिथे खोळंबतं. शिवाय कॅस्केड ढकलताच येत नाही. कन्स्ट्रेंट डिफरेबल म्हणून जाहीर केलं तरी कॅस्केड तिथल्या तिथेच चालतं. वेगासाठी या वाटेला जाऊ नका. एकमेकांवर अवलंबून असलेल्या नोंदी कुठल्याही क्रमाने घालायच्या असतील तेव्हाच ती कामाची.

दुसरी वाट: सेशन रेप्लिकेशन रोल ही सेटिंग बदलून ट्रिगरच बंद करा. अपडेट क्षणात होतो, कारण कॅस्केड हाही ट्रिगरच आहे, तोही बंद पडतो. नौका टेबलात नवे कोड, फेऱ्यांत जुने, आणि डेटाबेस शांत. ट्रिगर परत चालू केल्यावर मागची तपासणी कोणी करत नाही, आणि कॅटलॉगमध्ये ती फॉरेन की वैध म्हणूनच दिसत राहते. ज्या टेबलात खलाशांच्या पैशाचा हिशेब आहे तिथे मी हे करणार नाही.

घाईच असेल तर याहून बरी वाट आहे. फॉरेन की ड्रॉप करा, तिन्ही टेबलं जॉइनने एकेका अपडेटमध्ये बदला, मग फॉरेन की नॉट व्हॅलिड म्हणून (जुन्या नोंदी न तपासता) परत लावा आणि शेवटी व्हॅलिडेट करा, म्हणजे जुन्या नोंदीही तपासून घ्या. व्हॅलिडेट एकेका नोंदीमागे क्वेरी चालवत नाही, दोन टेबलांचा एकच जॉइन करून न जुळणारं शोधतं. प्रतीवर हे सगळं दीड मिनिटात झालं. मधल्या वेळात कुंपण नसतं, एवढं लक्षात ठेवून, लिलाव बंद असतानाच.

१३ जून

उचल टेबल. नाखवा (होडीचा मालक) तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) आणि खलाशांना हंगामाआधी जी उचल देतो ती सोसायटीमार्फत जाते, तिची नोंद इथे. या टेबलला फॉरेन कीच नाही. कोणीतरी कधीतरी एंट्री हळू होते म्हणून काढून टाकली, असं जुन्या कोडमधली टिप्पणी सांगते.

याचा अर्थ मला उशिरा दिसला असता तर महागात गेलं असतं: ज्या टेबलला फॉरेन की नाही तिथे कॅस्केड जातच नाही. नौकांचे कोड बदलले असते, डिझेल-बर्फ-बोली मागोमाग बदलल्या असत्या, आणि उचल जुन्या कोडावर लोंबकळत राहिली असती. ऑगस्टमध्ये पहिल्या वाटपाला उचल वळती करायची असते. ती कोणाच्याच नावे सापडली नसती.

फॉरेन की लावून व्हॅलिडेट केलं, नापास. नौका टेबलात नसलेला कोड असलेल्या ३७ नोंदी निघाल्या. सोसायटीचे निवृत्त कारकून काका वही घेऊन बसले. बहुतेक नोंदींत शून्य खाल्लेलं: ह-०४१ च्या जागी ह-४१. काही विकलेल्या होड्यांच्या. "ही होडी विकलीन त्यांनी, गुहागरकडे गेली. उचल फिटलेली आहे, बघ इथे सही," असं काका पान दाखवून सांगत होते. एका नाखव्याची उचल ह-४१ आणि ह-०४१ अशी दोन्हीकडे चढलेली होती, रक्कम एकच. त्याच्याकडून ती दोनदा वळती झाली असती. गरीब माणूस आहे, त्याने भांडूनही मागितले नसते. एंट्रीचा एक क्षण वाचवायला फॉरेन की काढणाऱ्याने हे बघायला हवं होतं.

३७ नोंदी जुळवायला दुपार गेली. व्हॅलिडेट पास झालं.

१९ जून

ठरलं: कोड की म्हणून ठेवायचाच नाही. उद्या नौका विकली, नोंदणी दुसऱ्या जिल्ह्यात गेली की पुन्हा हेच. नौकेला एक कायमचा पूर्णांक आयडी, फेरीला एक. बोली फेरी आयडीकडे बोट दाखवेल, फेरी नौका आयडीकडे. कोड फक्त नौका टेबलात, युनिक. मग कोड बदलणं म्हणजे एका टेबलातली एक नोंद. जिच्याकडे फॉरेन की बोट दाखवते ती किंमत बदललेली नसेल तर पोस्टग्रेस खालच्या टेबलांत शोधायला जातच नाही.

प्रतीवर बोलीत फेरी आयडी भरताना ११ लाख नोंदी एकदम अपडेट केल्या, डिस्क भरली. चिपळूणहून ५०० जीबीची एसएसडी आणली, साडेतीन हजार रुपये. या प्रकल्पाचा रोख खर्च एवढाच. पण डिस्क मोठी केली तरी पद्धतही बदलली: एकेका हंगामाच्या नोंदी भरायच्या, कमिट, व्हॅक्यूम, मग पुढचा हंगाम. मोकळी झालेली जागा पुढचा गट वापरतो आणि टेबल फारसं फुगत नाही.

२७ जून

खऱ्या डेटाबेसवर. क्रम: बॅकअप आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहणं. नवे कॉलम. हंगामवार भरणं. फेरी आयडीवर युनिक इंडेक्स, कॉनकरंटली. बोलीच्या फेरी आयडीवर आणि फेऱ्यांच्या नौका आयडीवर इंडेक्स, तेही तसेच. मग फॉरेन की नॉट व्हॅलिड. फॉरेन की लावताना दोन्ही टेबलांवर असं लॉक लागतं की वाचता येतं, लिहिता येत नाही. नॉट व्हॅलिड असल्यामुळे ते क्षणभरच. तरी लॉक टाइमआउट ५ सेकंद ठेवला, म्हणजे कोणी अडवून बसलं असेल तर आपणच मागे सरू आणि आपल्या मागे रांग लागणार नाही. व्हॅलिडेटचं लॉक सौम्य, ते चालू असताना नोंदी चढू शकतात. शेवटी जुन्या जोडीच्या फॉरेन की आणि ७ जूनला लावलेला इंडेक्स काढून टाकले.

नोंदणी क्रमांक चढवले. २९६ नौका, ४० मिलिसेकंद.

एक बारीक गोष्ट. कोडवर युनिक इंडेक्स आहे, म्हणून तो कॉलम बदलताना पोस्टग्रेस नौकेच्या नोंदीवर कडक लॉक घेतं, जरी कुठलीही फॉरेन की आता त्याकडे बोट दाखवत नसली तरी. त्याच वेळी कोणी त्या नौकेची फेरी चढवत असेल तर त्या तपासणीचं हलकं लॉक आणि हे कडक लॉक एकमेकांना थांबवतात. नौकेची बाकी किंवा मालकाचा फोन बदलला तर असं होत नाही. म्हणून कोड बदलण्याचं बटण लिलावाच्या वेळेत बंद ठेवलंय.

१२ जुलै

समितीतल्या एकांनी रास्त प्रश्न विचारला: आता सगळीकडे फॉरेन की आहेत, मग लिलावाच्या वेळी एंट्री हळू होणार नाही ना? प्रतीवर मोजलं. बोलीत १ लाख नोंदी घातल्या. फॉरेन की सगळ्या काढून १.१ सेकंद, तीन फॉरेन की लावून ३.८ सेकंद. तिपटीहून जास्त, हे खरं आहे, लपवण्यासारखं नाही. प्रत्येक नोंदीमागे वरच्या टेबलात एक शोध आणि तिथल्या नोंदीवर एक हलकं लॉक, याचा तो खर्च. पण एका बोलीवर तो येतो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत, आणि आमच्याकडे भर हंगामात दिवसाला हजारभर बोली चढल्या तरी खूप. त्यांना पडद्यावर दोन्ही चालवून दाखवलं. फॉरेन की राहणार.

५ ऑगस्ट

पहिल्या नौका आल्या, लिलाव सुरू. दोन काउंटरवरून एंट्री, कुठे अडकलं नाही. उचल वळती करण्याची पहिली यादी छापून काकांनी वहीशी ताडून पाहिली, जुळली. परताव्याच्या प्रस्तावाला लागणारी यादी आता क्रमांकासकट थेट निघते.

राहिलेलं: बर्फ टेबलची फॉरेन की अजून नॉट व्हॅलिड आहे. नव्या नोंदी ती तपासते, जुन्यांत लाद्यांच्या १२ पावत्या अशा आहेत ज्यांची नौका सापडत नाही. बर्फ कारखान्याकडची वही आली की त्या जुळवून व्हॅलिडेट करायचं. अहवालाच्या सॉफ्टवेअरमधली उघडी राहणारी ट्रान्झॅक्शन अजून तशीच आहे, टाइमआउटवर भागतंय.